कपाटाचा अहवाल

सोलापूर, ८ ऑगस्ट १९७६

सौ. हेमावतीस,

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. धाकट्या काशम्माचा खोकला थांबला का?

माझ्या बॅजचा अहवाल मुंबईहून स्वच्छ आला, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. एक्स-रे काढताना आपल्या अंगावर किती किरणं पडली, ते छातीवर लावायच्या त्या बॅजवरून कळतं. आमच्या डॉक्टरांनी किरणं कमी करण्याची थोर युक्ती काढली आहे : बॅज कपाटात ठेवायचे! विलायतेत शिकून आलेल्या माणसाची ही अक्कल. किरणं अडवणारा शिशाचा एप्रन मात्र दोन वर्षं फाटकाच आहे.

काल तानाबाई आया म्हणाली, "सायेब, तुमचं कपाट लई निरोगी हाय की!" सगळे हसले. मीही हसलो.

डॉक्टरांची मला किळस येते. पण चार महिने तो बॅज रोज कपाटात ठेवणारा हात माझाच होता, आणि कपाटाचा अहवाल माझा म्हणून तुला कळवणाराही मीच.

आज बॅज छातीवर लावला. डॉक्टर म्हणाले, "आकडा वाढला तर घरी बसाल."

मुलांना जवळ घे. आकडा येईल तो तुला तसाच लिहीन.

तुझाच,
चनबसप्पा