लहानूची जाड रेघ

४ जानेवारी १९९९, सोमवार

लागले बाई एकदाची नोकरीला! द्वारकेच्या चौकामागचं आमचं महिला सल्ला केंद्र म्हणजे दोन खोल्या, तीन टेबलं आणि बाहेर एक बाक. मुख्य प्रतिभाताई. आवाज खर्जातला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी चाळीसगावची, परीक्षेत पहिला वर्ग, हे मी पाच मिनिटांत दोनदा सांगून टाकलं. त्या नुसतं बरं म्हणाल्या.

इथे येणाऱ्या प्रत्येक बाईचा नात्यांचा नकाशा काढतात. मधल्या वर्तुळात ती, भोवती तिची माणसं. घट्ट नात्याला जाड रेघ, नावापुरत्या नात्याला तुटक, भांडणाला नागमोडी. खाली कोपऱ्यात छोटं वर्तुळ आपलं, म्हणजे केस बघणारीचं. ताईंचा एकच नियम आहे. आधी सगळं पेन्सिलने. त्या माणसाला घरी जाऊन भेटल्याशिवाय शाई फिरवायची नाही. कारण बाईला कुणाच्या हवाली करायचं, ते शाईची रेघ बघून ठरतं.

८ जानेवारी, शुक्रवार

माझी पहिली केस! तानुबाई, गिरणारेकडच्या फुलांच्या मळ्यातली. नवरा वाल्मीक आणि सासू मिळून मारतात. डाव्या कानाने ऐकू येईनासं झालंय. बोलताना तो कान पदराने झाकून घेते, जशी काही चूक तिचीच. नवऱ्याला नागमोडी रेघ, सासूला नागमोडी. माहेरचं विचारलं तर म्हणाली, आई-बाप गेले, भाऊ हाय लहानू, पिंपळगाव बसवंतला द्राक्षाच्या पॅकहाऊसवर पेट्या भरतो, पण चार वर्सं तोंड नाय पाहिलं. सासरचे त्याला दारात उभं करत नसत. पेन्सिलने तुटक रेघ काढली. मंगळवारी पिंपळगावला जाऊन मी त्याला भेटायचं. तो घेऊन जातो म्हणाला, तर तानुबाई सुटली.

१२ जानेवारी, मंगळवार

लिहायला लाज वाटतेय, पण इथे नाही तर कुठे लिहू? पिंपळगावला गेलेच नाही. स्टँडवर कॉलेजातली अफिफा भेटली. देवळाली कॅम्पला मामीकडे चालली होती, चल गं म्हणाली. गेले. बाजारात हिंडलो, बिर्याणी हादडली, लोकरीचे मोजे घेतले. परतीच्या बसमध्ये मात्र मोजे पिशवीच्या तळाशी कोंबले.

१३ जानेवारी, बुधवार

ताईंनी अहवाल मागितला. उद्या जाते म्हणायला जीभ रेटेना. मग टेबलाशी बसून लहानू बनवला. त्याला निळा स्वेटर घातला. खरं वाटावं म्हणून डाव्या हाताची करंगळी तोडली. त्याच्याकडे चहा घेतला. बहिणीला येत्या सोमवारी घेऊन जातो, असं त्याच्या तोंडी घातलं. वर माझी फोडणी, निघताना तो मला म्हणाला म्हणे: ‘ताई, तुम्हालाही कुणी नसलं तर हा भाऊ आहे.’ आणि जाड रेघ ओढली, शाईने.

निरीक्षण छान आहे, ताई म्हणाल्या. पहिली शाबासकी, आणि मला मान वर करवेना. सोमवारच्या आत खरंच गाठीन त्याला. शप्पथ.

१५ जानेवारी, शुक्रवार

तानुबाई आली. भाऊ न्यायला येतोय म्हटल्यावर रडली काय, हसली काय! संक्रांतीचा तिळगूळ कागदात बांधून आणला होता माझ्यासाठी. भाऊ जाडा झाला का, विचारलं. मी म्हटलं, आहे तसाच. कसली निर्लज्ज मी! सोमवारी दहाला द्वारकेवर रहेमानचाचांच्या चहाच्या गाडीपाशी उभी राहा, असं ताईंनी तिला सांगितलं. तिळगूळ मी खाल्ला.

१७ जानेवारी, रविवार

दोन दिवस ताप, म्हणून पिंपळगाव राहिलं. थोडासाच होता ताप. उद्या द्वारकेवर जाऊन तिला काहीतरी सांगते.

१८ जानेवारी, सोमवार

पोचायला साडेदहा झाले. तानुबाई नव्हती. चाचा म्हणाले, गेली की, तिचा भाई टेम्पो घेऊन आलता, बहोत खूश होती. जीव भांड्यात पडला! कुणीतरी त्याला कळवलं असणार.

मग सहज विचारलं, कसा होता दिसायला. निळा स्वेटर, म्हणाले. आणि चहाचा ग्लास धरला त्या डाव्या हाताला चारच बोटं.

२० जानेवारी, बुधवार

आज गेले पिंपळगावला. आज! लहानूच्या घराला कुलूप. शेजारच्या चिमणाबाई म्हणाल्या, त्याला जाऊन दोन वर्सं झाली, हायवेला टेम्पो उलटला. बहिणीच्या सासरी निरोप धाडला, पण कुणी आलंच नाय. करंगळीचं विचारलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. दोन्ही हात धड व्हते म्हणाल्या, आन स्वेटर त्यानं जल्मात घातला नाय.

म्हणजे लहानू आला नाही. मी बनवला तो आला. तिने ओळखलं तरी कसं त्याला? पण तिने विश्वास त्याच्यावर कुठे ठेवला होता, माझ्यावर ठेवला होता.

२१ जानेवारी, गुरुवार

ताईंनी विचारलं, तानुबाई नीट पोचली ना. मी हो म्हणाले. हो! खरं सांगितलं असतं तर पोलिसांत तरी गेलो असतो. पण नोकरी जाईल, चाळीसगावात काय तोंड दाखवू —

नकाशा काढून पाहिला. लहानूच्या वर्तुळातून आणखी एक जाड रेघ. कोपऱ्यापर्यंत. माझ्या वर्तुळापर्यंत. मी नाही काढली. ब्लेडने खरवडली. कागद फाटला, रेघ खालच्या पानावर —

२२ जानेवारी, शुक्रवार

चाचा म्हणाले, वो भाई तुम्हाला विचारत होता, मिला क्या?

आईला फोन केला. कोण बोलतंय, म्हणाली. रूपाली म्हटलं, तीनदा म्हटलं. आमच्यात कुणी रूपाली नाही म्हणाली. ठेवला.

‘तुम्हालाही कुणी नसलं तर.’ मीच लिहिलंय ते. मीच —

२५ जानेवारी, सोमवार

सकाळी अकरा. बाहेरच्या बाकावर लिहितेय.

ताईंना सगळं सांगितलं. बिर्याणीसुद्धा. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, आपण कोण, पहिल्यांदाच आलात का. कोरा कागद घेतला. मधोमध वर्तुळ काढलं. नाव विचारलं माझं. माहेरचं कोण आहे, म्हणाल्या.

दारातून कुणीतरी म्हणालं, भाऊ आहे ना.

निळा —

मी ओरडले, ताई, नियम! आधी पेन्सिल, घरी जाऊन भेटा त्याला आधी! त्या म्हणाल्या, भेट झालेली आहे. अहवाल दाखवला. माझंच अक्षर. शाईचं पेन उघडलं त्यांनी —

चाचांच्या चहाच्या गाडीशी टेम्पो उभा आहे. मागे तानुबाई बसलीय, कान झाकून. माझ्याकडे बघत नाही. सरकून जागा करतेय माझ्यासाठी.

पाय धरायला हवेत तिचे. सांगायला हवं तिला, त्या मंगळवारी मी —