बसंतीची व्हॅन आणि माझं फ्रेंच

६ जून १९८३, माएबूर्ग
हॉटेलच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये लाँड्रीच्या बायकांच्या वतीने मीच बोलतो. मॅनेजरसाहेबांसमोर क्रेओल, म्हणजे आपली बेटावरची रोजची बोली, बरी दिसत नाही, फ्रेंच लागतं. मीटिंगनंतर लाँड्रीतल्या बसंतीने गाठलं. म्हणाली, काका, संध्याकाळच्या पाळीनंतर बस नसते, अंधारात उसातून चालावं लागतं. सासू म्हणते, गाडी नाही तर नोकरी नाही. सायबाकडे व्हॅन मागा ना. म्हटलं, झालंच समज.

१३ जून
मागणार होतो. प्रस्तावना जरा लांबली. हॉटेलची शिस्त, साहेबांची दूरदृष्टी, बायकांची कृतज्ञता. कृतज्ञतेपाशी साहेब मेर्सी म्हणाले, म्हणजे आभार, आणि पुढच्या विषयावर गेले.
बाहेर बसंतीने विचारलं, काय म्हणाले? म्हटलं, विचार करतायत. कसला, ते तिने विचारलं नाही.
घरी देवकीने ऐकून विचारलं, व्हॅन मागायला गेला होतात की हार घालायला? बायकोला मीटिंगचं तंत्र कळत नाही.

२० जून
ठराव: पहिल्याच वाक्यात व्हॅन.
साहेबांनी आधी टॉवेलांबद्दल माझं मत विचारलं. मत विचारलेल्या माणसाने लगेच हात पसरायचे? बसंती माझ्याकडे बघत होती. मी टॉवेलांकडे.

२१ जून
बसंती लंगडत आली. काल रात्री उसाच्या वाटेवर पाय मुरगळला. उद्याच्या उद्या साहेबांच्या केबिनमध्ये जायचं ठरवलं. तूर्त तिला डालपुरी घेऊन दिली. खाल्ली तिने. माझीही तिलाच दिली.

२२ जून
साहेब कामात दिसले. दारावरून परत.

२७ जून
मी प्रस्तावनेत होतो. साहेबांच्या सुस्वभावापर्यंत आलो, तोच बसंती उठली. सरळ क्रेओलमध्ये. बस, ऊस, पाय, सासू, सगळं सांगून मोकळी.
साहेबही क्रेओलमध्येच बोलले, अगदी फडाफडा. इथेच जन्मलेले ते. म्हणाले, आज रात्रीपासून व्हॅन सोडेल तुम्हाला. पण मला आधी कुणी सांगितलं का नाही?
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
बसंती म्हणाली, काकांनी सांगितलं होतं सायेब. तुमच्या ध्यानात राहिलं नसेल.
साहेबांनी सगळ्यांदेखत माझी माफी मागितली.
मी उभा राहिलो. खरं काय ते सांगायचंच होतं.
साहेबांना माफ केलं आणि खाली बसलो.