चार नंबरच्या बसचं शून्य

तीर्थस्वरूप दाजी यांस,

तुमच्या एकुलत्या एक, आणि म्हणून नाइलाजानं लाडक्या, मेहुण्याचा वाकून नमस्कार. (वाकून हे लिहिण्यापुरतं. गेल्या मंगळवारपासून कंबर धरली आहे, तेव्हा नमस्कार ताठच आहे, भावना तेवढी वाकलेली समजावी.) तुमचा गुडघा कसा आहे? ताईच्या डोळ्यांत औषध वेळेवर पडतं ना? तुम्ही स्वतः घालायला जाऊ नका, मागच्या वेळी कानाचं घातलं होतंत. फोन न करता पत्र लिहितोय, कारण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवून टेबलावर टाकता आणि मग आपल्या घरच्या गोष्टी तुमचे सहाही ड्रायव्हर चहा पिता पिता ऐकतात. आजची गोष्ट त्यांनी ऐकण्यासारखी नाही. (त्यांना ती आधीपासून ठाऊक आहे, हा भाग वेगळा.)

तुमचा निरोप पोचला. सहाही स्कूलबसची धुराची प्रमाणपत्रं सोमवारच्या आत शाळेत गेली नाहीत तर शाळा दुसरा बसवाला बघणार, तेव्हा आपला माणूस तपासणी केंद्रात बसलेला असताना काळजी कसली, असं तुम्ही कळवलंत. खरंच आहे. मला इथे तेवीस वर्षांपूर्वी तुम्हीच चिकटवलंत, आणि त्याचा तुम्ही कधी उच्चारसुद्धा केला नाहीत, घरात पाहुणे असले तर सोडून. शिवाय माझी नात तुमच्या चार नंबरच्या बसनं शाळेत जाते, तीही फुकट. एवढ्या उपकारांखाली दबलेल्या माणसाची कंबर धरणारच. तरी काम कसं झालं ते सविस्तर सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमच्या मेहुण्याची किंमत कळेल.

आमच्या साहेबांना सगळे रुमालसाहेब म्हणतात. (तोंडावर नुसतं साहेब.) त्यांची पद्धत अशी होती, की गाडी शेडमध्ये घ्यायची, इंजिन चालू ठेवायचं, खिशातला पांढरा रुमाल सायलेन्सरच्या तोंडाशी धरायचा आणि वीसपर्यंत मोजायचं. मग रुमाल घरी न्यायचा. धुतल्यावर स्वच्छ निघाला तर गाडी पास. एवढ्या वर्षांत एकही गाडी नापास झाली नाही. याचं श्रेय गाड्यांना द्यायचं, साबणाला द्यायचं की वहिनींच्या मनगटांना, हे कोणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळं कसं गुण्यागोविंदानं चाललं होतं, आणि तेवढ्यात वरच्या ऑफिसनं आमच्याकडे तो सेन्सर धाडला.

दिसायला तसं त्यात काही नाही हो. बोटाएवढी नळी, तिच्या टोकाला नखाएवढी पांढरी चकती आणि चकतीवर धातूच्या बारीक रेघा. दोन फण्या दातांत दात घालून ठेवाव्यात पण एकमेकींना शिवू देऊ नयेत, तशा. नळी सायलेन्सरमध्ये सरकवायची. धुरातली काजळी त्या दातांमधल्या फटींत बसते, काजळीतून वीज वाहते, आणि काजळी जितकी जास्त तितका पडद्यावरचा आकडा मोठा. दहापर्यंत पास, त्यापुढे नापास. बस्स. गाडी कोणाची आहे हे त्याला कळत नाही, मालक कोणाचा कोण लागतो हे कळत नाही, आणि चहा तर तो घेतच नाही. अशा कर्मचाऱ्याचं आमच्याकडे निभावं तरी कसं?

पहिल्या दिवशी अठरा गाड्या आल्या, सतरा नापास. अठरावी तेवढी पास झाली, पण तिच्या ड्रायव्हरनं इंजिनच चालू केलं नव्हतं हे ती निघून गेल्यावर ध्यानात आलं. शेडबाहेर ही बोंबाबोंब! रुमालसाहेबांनी तिथल्या तिथे निदान केलं, की यंत्र बिघडलंय. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, आमच्याकडे अंगणाला कारणे दाखवा नोटीस निघते. मग यंत्राची परीक्षा घ्यायला एखादी शंभर टक्के स्वच्छ गाडी हवी, म्हणून साहेबांनी स्वतःचीच मोटार लावली. तिला रोज पुसतात, आत वासाची पुडी टांगलेली असते, सीटवरचं प्लास्टिक सात वर्षांत काढलेलं नाही. आकडा आला एकसष्ट. साहेबांनी पडदा रुमालानं पुसून पुन्हा बघितला. मग म्हणाले, या यंत्राला माणसं ओळखता येत नाहीत. मला तर वाटतं, त्यानं पहिल्याच नजरेत ओळखलं होतं. (मी हे बोललो नाही. मी कधीच बोलत नाही, म्हणून तर तेवीस वर्षं टिकलो.)

साहेबांनी कंपनीकडे तक्रार केली तेव्हा तिकडून एक इंजिनिअर बाई आल्या. हातात छोटी पेटी, बोलणं मोजून. त्यांनी दिवसभर सगळं तपासलं आणि सांगितलं, की यंत्र ठणठणीत आहे, तुमच्या गाड्या आजारी आहेत. जाता जाता एक सूचना दिली. चकतीवर काजळी साचत राहते, म्हणून अधूनमधून ‘सफाई’चं बटण दाबायचं. मग चकती स्वतःला लालभडक तापवते आणि वरची काजळी जाळून टाकते. त्याला तीन मिनिटं लागतात. तेवढा वेळ पडद्यावर शून्य दिसेल, पण ते मोजमाप नव्हे, तेव्हा त्या तीन मिनिटांत कोणतीही गाडी तपासायची नाही. दिवसभर पेंगत बसलेले रुमालसाहेब इथे एकदम ताठ झाले. त्यांनी विचारलं, शून्य दिसतं? बाई म्हणाल्या, दिसतं, पण ते खरं नाही. साहेब म्हणाले, दिसतं ना, मग झालं तर.

तेव्हापासून आमच्या केंद्रात फक्त त्याच तीन मिनिटांत गाड्या तपासतात. मी बटण दाबतो, साहेब हात वर करतात, गाड्या एकामागून एक येतात, नळी आत, नळी बाहेर, शून्य, शून्य, शून्य. एका सफाईत चार गाड्या बसतात. तो बिचारा सेन्सर दिवसातून चाळीस वेळा लाल होतो, आम्हांला मात्र एकदाही व्हावं लागत नाही. दोन महिन्यांत आमचं केंद्र सर्वांत स्वच्छ हवेचं ठरलं आणि ढाल द्यायला वरचे मोठे साहेब आले. ढाल घेताना शेडसमोर फोटो काढला, पण मागे रांगेतल्या पास झालेल्या ट्रकनी इंजिनं चालू ठेवली होती, त्यामुळे तीनदा काढावा लागला. शेवटी जो बरा आला त्यात ढाल स्पष्ट दिसते आणि दोन्ही साहेब कमरेपासून खाली दिसतात. तो फ्रेम करून लावलाय. कधी आलात तर बघा.

आता तुमच्या बस. काल दुपारी सहाही आल्या. एक, दोन, तीन, पाच आणि सहा मी सफाईत काढल्या. बटण न दाबता बघितल्या नाहीत. बघितल्या असत्या तर कळलं असतं, म्हणून नाही बघितल्या. पण चार नंबरच्या वेळी साहेब जेवायला गेले होते, आणि दाजी, माणसाला कधीकधी दुर्बुद्धी होते. मी बटण न दाबता नळी आत घातली. आकडा चढायला लागला तो नव्व्याण्णववर जाऊन थांबला. दमून थांबला असं नाही, पडद्यावर दोनच आकडे मावतात. तुमचा ड्रायव्हर शेजारी उभा होता. तो म्हणाला, ही रोजचीच आहे, सवय होते. म्हणून मी आत चढून बघितलं. मागच्या बाकाखाली पत्र्याला ताटलीएवढं भोक आहे, त्यावर गोणपाटाची घडी, आणि बरोबर त्याच्या खाली सायलेन्सरचा पाइप तुटलाय. म्हणजे निम्मा धूर रस्त्यावर जातच नाही, घरचा धूर घरातच राहतो. काटकसर म्हणावी तर तुमचीच.

मागच्या खिडकीच्या काचेवर काजळीचा थर आहे, आतल्या बाजूनं. त्यावर पोरांनी बोटांनी चित्रं काढलीत. त्यात एक मांजर होतं, सहा मिशांचं. आमच्या नातीच्या मांजराला सहाच मिशा असतात, कोणी कितीही समजावलं तरी. मी तिथे बाकावर बसलो, तर पाच मिनिटांत मलाच ठसका लागला. ती रोज जाऊन येऊन सव्वा तास बसते. तुमचा नातू त्याच शाळेत मोटारीनं जातो, काचा वर करून. त्याला डॉक्टरांनी धुरापासून जपायला सांगितलंय म्हणे. डॉक्टर हुशार आहेत, आणि तुम्ही त्यांचं ऐकता हे फार चांगलं आहे. मला राग आला, दाजी. तुमचा आला, आणि माझा स्वतःचा त्याहून जास्त आला. तशा रागात खाली उतरलो, साहेब जेवून येईपर्यंत थांबलो, आणि त्यांनी हात वर केला तसं बटण दाबलं. चार नंबर, शून्य. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, ताई तुमच्या घरात आहे, आणि या वयात नवं तोंड कुठून आणायचं?

तेव्हा सहाच्या सहा प्रमाणपत्रं या लिफाफ्यात घातली आहेत, प्रत्येकावर माझी सही आहे, आणि सही नेहमीसारखीच वळणदार आली आहे याची नोंद घ्यावी. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि सहाही बसना आयुष्य आहे तेवढंच पुरे.

तुमचा आज्ञेतला,
मेहुणा

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. खरं तर एवढं पुराण त्यासाठीच लावलं. चार नंबरमध्ये ड्रायव्हरच्या मागे, दाराजवळ एक एकटं सीट आहे, तिथली खिडकीही उघडते. तिथे आमच्या नातीला बसवता आलं तर बघा. फुकट येणाऱ्यानं मागच्या बाकावर बसायचं हा तुमचा नियम मला ठाऊक आहे, पण हल्ली तिला जेवताना खोकला येतो. बाकी काही मागत नाही. बस दुरुस्त करा वगैरे म्हणणारा मी कोण?

दुसरा ता. क. : लिफाफा चिकटवला होता, पुन्हा उघडला. नातीला मोठ्या कौतुकानं सांगितलं की तुला पुढे जागा मिळणार, तर ती म्हणते मैत्रिणीशिवाय बसणार नाही, कारण मैत्रीण तिच्याहून जास्त खोकते. आणि मैत्रिणीला धाकटा भाऊ आहे, तो तर खोकून खोकून डबाच खात नाही. मी वैतागून म्हटलं, बाई गं, जागा एक आहे, तर जास्त खोकणाऱ्यांची यादी करून आण, म्हणजे आजोबा दाजीआजोबांना कळवतील. वाटलं, कंटाळेल आणि विसरेल.

तिसरा ता. क. : ती विसरली नाही. आज शाळेतून येताना यादी घेऊनच आली. वहीचं पान पाठपोट भरलंय, एक्केचाळीस नावं, आणि जास्त खोकणाऱ्यांपुढे फुल्या. बसमध्ये मुलं एक्केचाळीसच आहेत. शेवटी बेचाळिसावं नाव ड्रायव्हरकाकांचं आहे आणि त्यापुढे तीन फुल्या आहेत. दाजी, तो तर सगळ्यांच्या पुढे बसतो.

तेव्हा ती जागा नको. चार नंबरचं प्रमाणपत्र लिफाफ्यात शोधू नका, ते मी फाडलं. त्याऐवजी नव्व्याण्णवचा कागद घातलाय, खाली ‘पुढे मोजता आलं नाही’ असं लिहून. त्याचीच एक प्रत आणि ती यादी मी आत्ता मुख्याध्यापिकाबाईंच्या हातात देऊन आलो. फार शूर झालोय असं समजू नका. बाकीच्या पाच शून्यांवर माझी सही तशीच आहे. एका दिवसात माझ्याच्यानं एवढंच झालं.