रस्त्यावर सापडलेली ठमी

४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. सकाळी कुत्री फिरवणाऱ्यांच्या आमच्या गटाने एक पत्रक छापलं आहे. त्यात तू दिलेल्या ढब्बूचा फोटो आहे आणि खाली लिहिलंय, की कुण्या पैदासवाल्याने त्याला रस्त्यावर टाकलं होतं आणि मी उचलून आणलं. हे मीच त्यांना सांगितलं.

पूर्वी लोक थांबून विचारायचे, इतकं गोड चपटं तोंड कुठून आणलंत? मी तुझं नाव सांगायचे आणि दिवसभर मिरवायचे. आता खालच्या मजल्यावरची मुलगी विचारते, त्याला श्वास घेताना बघून तुम्हाला काही वाटत नाही का? डॉक्टरही म्हणाले, की ते घोरणं नव्हे, त्याला हवाच पुरत नाही. गटात सगळ्यांची कुत्री निवारा केंद्रातली. माझ्या तोंडून निघून गेलं. तेव्हा लाज वाटली नाही, आता वाटते आहे.

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी दोन ओळी लिही.

तुझी
धाकटी


१९ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. रागवायचं म्हणून बसलो, पण राग काही आला नाही. हल्ली फारसं काही येतच नाही.

ढब्बू जन्मला तेव्हा हलत नव्हता. त्याच्या नाकाला तोंड लावून मी चिकटा ओढून काढला होता. टॉवेल तूच धरला होतास. तीस वर्षं पैदास करताना मी ती नाकं आखूड करत आणली आणि तीच नाकं मोकळी करत बसलो. तुझ्या पत्रातलं डॉक्टरांचं बोलणं वाचेपर्यंत हे माझ्या ध्यानातही आलं नाही. प्रदर्शनांत कुत्र्यांनी जिंकलेल्या चषकांत तुझ्या वहिनीने स्क्रू आणि किल्ल्या ठेवल्यात. चांगले उपयोगी पडतात.

मागची शेड आता रिकामी आहे. ठमी तेवढी उरली होती. माझे गुडघे गेले, वहिनीला दम्याचा त्रास. मंगळवारी ठमीला तुमच्याच शहरातल्या निवारा केंद्रात सोडून आलो. तुझ्याकडे आलो नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की कुत्री विकत घेऊ नका. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, ही कुठली? ठमी नेहमीसारखी माझ्या बुटावर बसली होती. मी म्हटलं, रस्त्यावर सापडली.

तुझंच वाक्य वापरलं. बाई म्हणाल्या, तुमच्यासारखी माणसं हवीत. मी पाय सोडवून घेतला आणि निघालो.

प्रकृती सांभाळ. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
दादा


२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ठमी माझ्याकडे आहे.

केंद्रात गेले तेव्हा ती पिंजऱ्याच्या कोपऱ्यात होती. बाहेर काढल्यावर सरळ येऊन माझ्या चपलेवर बसली. तिच्या कार्डावर ‘बेवारस’ लिहिलं होतं. बाईंनी दत्तक घेण्याचा अर्ज पुढे केला. त्यात एक ओळ होती, प्राण्याची पूर्वीची माहिती असल्यास लिहा. मी लिहिलं, जन्म माझ्या दादाच्या घरी, मागच्या शेडमध्ये. खाली तुझं पूर्ण नाव आणि फोन नंबर घातला. बाईंनी ते दोनदा वाचलं. पेन घेऊन ‘बेवारस’वर काट मारली.

सकाळी गटालाही खरं सांगितलं. दोघीजणी आता माझ्यासोबत चालत नाहीत. चालायचंच.

दादा, ढब्बू-ठमीला असं घडवलंस तूच. मी त्यांना मिरवलं. आता दोघं स्वयंपाकघरात झोपली आहेत आणि त्यांचे श्वास पार दारापर्यंत ऐकू येतात. ऐकवत नाही, तरी दार लावून घेत नाही. ठमीच्या नाकाची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात आहे.

त्याआधी केंद्रातून तुला फोन येईल. तिच्या आईबापांची, आजारांची माहिती डॉक्टरांना हवी आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाला नाही. ठमी तुमची का, असं विचारतील. या वेळी तिला ओळख दे.

तुझी वाट बघणारी
धाकटी