हप्ता पाच तारखेला, पगार सात तारखेला

३ मार्च
मामा एकदा म्हणाला होता, "या पोराचं डोकं हिशेबाचं आहे, याला कुणी गंडवू शकणार नाही." तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि मामाने नुकतेच माझ्या डब्यातले पाच रुपये उसने घेतले होते. ते यायचे आहेत. पण वाक्य खरं आहे. म्हणून आजपासून ही रोजनिशी. घरचं अर्थखातं आता माझ्याकडे.
परिस्थिती उत्तम. बायको घरी केक करून विकते. तिच्यासाठी मोठा ओव्हन हप्त्यावर घेतलाय. हप्ता पाच तारखेला माझ्या खात्यातून आपोआप जातो. ड्रायव्हिंग स्कूलचा पगार सात तारखेला येतो. मधले दोन दिवस सांभाळायचे, बस.

५ मार्च
हप्ता गेला नाही. खात्यात साठ रुपये कमी होते. त्याबद्दल बँकेचा दंड पाचशे नव्वद, ओव्हनवाल्या कंपनीचा वेगळा पाचशे. ज्याच्याकडे साठ रुपये नाहीत हे आत्ताच सिद्ध झालं, त्याच्याकडे अकराशे मागायचे! हे शास्त्र मला नवीन आहे.
बायकोला सांगितलं नाही. तिचा तीन मजली केक चालू होता. अशा वेळी तिच्या हाताला धक्का लागता कामा नये.

७ मार्च
पगार आला. दंड आणि हप्ता दोन्ही गेले. उपाय सापडला आहे: मालकांना सांगून पगार चार तारखेला करून घ्यायचा. एका वाक्याचं काम. उद्याच.

८ मार्च
मालक खुशीत होते. खुशीतल्या माणसापुढे पैशाचा विषय काढणं बरं दिसत नाही.

११ मार्च
मालक चिडलेले. नव्या गाडीला एका शिकाऊ बाईंनी विजेच्या खांबाची ओळख करून दिली. माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो हे खरं, पण मी नेमका मनात पगाराचं वाक्य जुळवत होतो.

१४ मार्च
केबिनमध्ये शिरलो. मी तोंड उघडायच्या आत मालकच म्हणाले, मास्तर, एवढ्या माणसांत तुम्ही एकटेच, कधी पैशाचं रडगाणं गात नाही. मी म्हणालो, छे छे. चहा पिऊन बाहेर आलो. छाती जरा पुढे आली होती.

१८ मार्च
मालकांचा विश्वास मोडवत नाही. तेव्हा काटकसर. खात्याचे मेसेज पाठवायचे बँक तीन महिन्यांना अठरा रुपये घेते. जाऊन मेसेज बंद करून आलो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, काका, नक्की ना? नक्की, म्हणालो. काका कशाला, ते कळलं नाही.

२९ मार्च
मेसेज नाहीत म्हणून शिल्लक एटीएमवर बघतो. चार-पाचदा बघितली की पुढे बघण्याचेही पैसे पडतात. म्हणजे शिल्लक बघितली की कमी होते, आणि किती कमी झाली ते कळायला पुन्हा बघावी लागते.

४ एप्रिल
मास्टरस्ट्रोक! उद्याच्या हप्त्याला पैसे पुरणार नाहीतच. मग जे आहेत ते तरी खात्यात कशाला? सगळे काढून घेतले. रिकाम्या घरात चोर काय नेणार?

७ एप्रिल, सकाळ
चमत्कार. खातं रिकामं केलं होतं, तरी एटीएमवर सतराशे सत्तर रुपये! बँकेला आपली चूक कळलेली दिसते. आकड्याच्या आधी एक छोटी आडवी रेघ आहे. नवीन डिझाइन असावं.
आनंदाच्या भरात बायकोसाठी केकवर नक्षी काढायचा संच आणला. चोवीस नळ्यांचा.

७ एप्रिल, दुपार
डिझाइन नव्हतं.
कंपनीने हप्त्यासाठी तीनदा प्रयत्न केला. पाचला, सहाला आणि आज सकाळी. प्रत्येक वेळी पाचशे नव्वद. मेसेज आला असता तर पहिल्याच दिवशी कमी पडणारे कुठून तरी आणून धावत जाऊन भरले असते. अठरा रुपये मात्र वाचले. पगार जेवणाच्या सुट्टीत आला आणि बँकेने आधी आपलं काढून घेतलं. उरलेले भाड्यात आणि मुलीच्या फीमध्ये गेले.

१२ एप्रिल
कंपनीने बायकोलाच फोन केला. वीस तारखेपर्यंत हप्ता दंडासकट भरा, नाहीतर ओव्हन उचलून नेणार.
ती ओव्हनसमोर स्टुलावर बसली. आत कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक फुगत होता. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, अहो, दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांना ब्रेक लावता, स्वतःच्या डोक्याला एकदा लावायचा होता. मग म्हणाली, बँकेकडे हप्त्याची तारीख बदलून का नाही मागितली? अशी बदलता येते हे मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, ते माझ्या विचाराधीन आहे. ती हसली. हसताना डोळे पुसले. म्हणाली, आयसिंगची साखर गेली.

१३ एप्रिल
बँक. तारीख बदलता येते, आणि फुकट! फक्त आधी कंपनीची थकबाकी शून्य हवी. म्हणजे पैसे नसण्यावरचं औषध आहे, पण ते पैसे असणाऱ्यालाच मिळतं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, काका, नियम मी नाही हो केला. आणि माझ्याकडे खुर्ची सरकवली. बसलो थोडा वेळ.

१९ एप्रिल, सकाळ
मालकांच्या केबिनबाहेरच्या बाकावर. बायकोने तीन गिऱ्हाइकांकडून केकचे पैसे आगाऊ घेतले. नक्षीचा संच परत केला, पण दुकानदाराने निम्मेच दिले. तरीही अठराशे कमी आहेत. निघताना तिने माझ्या शर्टाची कॉलर नीट केली.
आत मालक कुणावर तरी ओरडताहेत, उचल हवी? इथे काय नोटांचं झाड लावलंय? आता माझा नंबर. आजवर मला वाटायचं की हे माझ्याबद्दल चांगलं मत बाळगून आहेत, ते जपलं पाहिजे. पण त्या मताची किंमत आत्तापर्यंत ओव्हनच्या दीड हप्त्याएवढी झाली आहे, आणि ती मी एकट्याने भरलेली नाही.
मालक नाहीच म्हणणार. मास्तर, तुम्हीसुद्धा? असं म्हणून नाही म्हणणार. तरी वाक्य इथे लिहून ठेवतो, म्हणजे आत गेल्यावर छे छे निघणार नाही:
साहेब, माझ्याकडे पैसे नाहीत. अठराशे रुपये आजच उचल द्या, आणि यापुढे माझा पगार चार तारखेला करा.