शिकत असल्याचा दाखला

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार (खोली लहान आहे, म्हणून मनातल्या मनात). मामींनाही सांगा. तुमचा गुडघा कसा आहे? जिने चढता येतात का? किती मजले? विचारायचं म्हणून विचारत नाही, खरंच कळवा.

बँकेचं पत्र तुम्हालाही आलं असेल. घाबरू नका. जामीनदाराला ते आपोआप जातं, असं तिथल्या बाई म्हणाल्या. शिक्षण संपलं की माझ्या कर्जाचा हप्ता सुरू होतो, एवढंच आपल्याला ठाऊक होतं. पदवी मिळाली, नोकरी मिळाली नाही, तेव्हा मी बाईंना विचारलं, आता काय? पुढे शिकत असाल तर हप्ता थांबेल, त्या म्हणाल्या. किती दिवस? शिकत असाल तोवर. आणि व्याज? ते कशाला थांबेल? (हे मला तेव्हा पटलं. का पटलं, ते आठवत नाही.) म्हणून मी ग्रंथालयाचा वर्ग केला. त्यात चुकून पास झालो. मग पुस्तकबांधणीच्या वर्गात नाव घातलं, कारण त्याची फी सगळ्यांत कमी होती आणि तो दोन वर्षं चालतो.

दर सहा महिन्यांनी बँकेच्या फॉर्मवर शिक्षकांची सही लागते. फॉर्मवर एकच वाक्य आहे: सदर विद्यार्थी शिकत आहे. आमचे मास्तर चाळीस वर्षं पुस्तकं बांधताहेत. त्यांनी फॉर्म वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. "तू येतोस, हे लिहून देतो. शिकतोस, हे कसं लिहू?" मी म्हटलं, मास्तर, ती नुसती पद्धत आहे. "मग पद्धतीकडूनच सही घे." मी बँकेत जाऊन विचारलं, 'येतो' चालेल का? बाईंनी आतल्या साहेबांना विचारलं. साहेबांनी फॉर्म उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, येण्याचा रकाना नाही.

तेव्हा शिकण्यावाचून इलाज उरला नाही. मुदत तीन आठवड्यांची होती. माझी पहिली वही उघडली की मिटेना. दुसरी मिटली ती उघडेना (खळ आतपर्यंत गेली होती). तिसरी मास्तरांनी उचलली, तिच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि फॉर्म मागितला. मामा, पदवी मिळाली त्या दिवशीही मला असं वाटलं नव्हतं. सही करताना ते म्हणाले, "उशीर केलास." मला वाटलं, फॉर्मला.

तसं नव्हतं. दहा जण असले तरच वर्ग चालतो. आमच्यातल्या न्हाव्याला स्वतःचं दुकान मिळालं, तो सोमवारी सोडून गेला. आता आम्ही नऊ. शुक्रवारपर्यंत दहावा आला नाही तर वर्ग बंद. वर्ग बंद म्हणजे मी शिकत नाही. मी शिकत नाही म्हणजे हप्ता सुरू, आणि मी भरला नाही तर तो कोणाकडे येतो, हे बँकेच्या पत्रात तुम्ही वाचलंच असेल. येत होतो तेव्हा शिकत नव्हतो. आता शिकतोय, तर यायला वर्ग राहणार नाही. यात माझी चूक कुठे झाली, हे मी दोनदा कागदावर मांडून पाहिलं. सापडली नाही. तुम्हाला सापडली तर कळवू नका.

मामींना जपा.

तुमचा भाचा

ता. क. वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही, पण कठडा भक्कम आहे आणि दुसऱ्या मजल्यावर बसायला बाक आहे. वयाची अट नाही, मी विचारलं. तुमचा फॉर्म भरून सोबत जोडला आहे, सही तेवढी हवी. तिसरी वहीही पाठवतो आहे. कोरी आहे, तुम्हाला वर्गात लागेल.

आणखी एक. फीची काळजी करू नका. विद्यार्थी म्हटल्यावर बाई कर्ज देतात. जामीन मी राहीन.