साडेसातचा हल्लेखोर

२ सप्टेंबर
बायको, थ्रेसिया, गेल्याचा बाविसावा दिवस. रडू येत नाही. काम मात्र सुचतं. तिचं शिवणाचं टेबल रिकामं करून दोन जुने कॉम्प्युटर मांडले. बंद पडलेल्या सायबर कॅफेतला झाला फायरवॉल, म्हणजे इंटरनेटचा पहारेकरी; जिन्सीचा कॉलेजातला झाला चित्र पाठवणारा सर्व्हर. जिन्सी आयर्लंडमध्ये नर्स, लेकीला आईसाठीसुद्धा रजा मिळाली नाही. एक्केचाळिसाव्या दिवसाची प्रार्थना तिला इथून लाइव्ह दाखवणार, शब्द दिलाय. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढलीत. हे किरकोळ.

५ सप्टेंबर, दुपारी ४
फायरवॉल चालू! नियम एकच: भारत सोडून सगळं जग बंद. चोर बाहेरूनच येतात. कॅमेरा वरच्या खोलीत बसून तपासला. चित्र झकास.

६ सप्टेंबर
सराव म्हणून रोजची सायंप्रार्थनाही दाखवतोय. जिन्सीचा फोन, काहीच दिसत नाही म्हणे. म्हटलं, तुझं वायफाय बघ. तिकडे पाऊस फार.

९ सप्टेंबर
फायरवॉलचा लॉग, म्हणजे अडवलेल्यांची नोंद, वाचला. एकाच इंटरनेट पत्त्यावरून रोज बरोबर साडेसातला, ऐन प्रार्थनेच्या वेळी हल्ला. सगळे परतवले. मेला वक्तशीर आहे. आज जेवलो नाही बहुतेक.

१४ सप्टेंबर
एका संध्याकाळी चाळीस हल्ले! थ्रेसियाचा भाऊ कुर्यच्चन दाजींना समजवावं तसं म्हणाला, अळिया, कशाला एवढा खटाटोप, मी मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावतो की. थ्रेसियाची प्रार्थना परक्या कंपनीच्या ॲपवर? मी असताना? साफ नाही म्हटलं. तो पुटपुटला, पोर तिकडे रडतेय.

२१ सप्टेंबर, दुपार
एक्केचाळिसावा दिवस. अंगणात साठ खुर्च्या. कॅमेरा तिथेच, थ्रेसियाच्या फोटोसमोर. चोख व्यवस्था. कुर्यच्चनला फोन खिशात ठेवायला लावला.

२२ सप्टेंबर
काल प्रार्थना झाली. पाहुणे अप्पम-स्टू जेवून गेले. कुर्यच्चनला लॉग अभिमानानं दाखवला: एका तासात एकशे सतरा हल्ले, एकही आत नाही. त्यानं विचारलं, हा हल्लेखोर कुठला? पत्ता कधी शोधलाच नव्हता. शोधला. गॉलवे, आयर्लंड.
कुर्यच्चन उठून बाहेर गेला.
नियम काढून टाकला. मिनिटभरात जिन्सीचा मेसेज: अप्पच्चा, दिसायला लागलं. पण कुणीच नाहीये.
 अंगणात जाऊन चालू कॅमेऱ्यासमोरच्या खुर्च्या आवरत बसलो. पुन्हा मेसेज: अप्पच्चा, किती वाळलात! जेवता ना?
जेवतो म्हणून कळवलं.